पित्त उठलेल्या अंगाला कुणी धरेना

घोंगडीनं पित्त जात नाही. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आरोग्याची पत्रकं लिहिताना मला हेच शिकवलं गेलं: सांगायचं ते वर सांगा, लोक खालपर्यंत वाचत नाहीत. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे. आमच्या घरात तो येऊन गेलाय.

अवसरी बुद्रुकला आमचं घर. एके काळी मेंढरं राखणारं. आता मेंढरं फक्त चुलत्याकडे उरलीत, आम्ही बटाटा नि कांदा करतो, आणि त्या काळातली एकच वस्तू घरात रोजच्या वापरात राहिली होती: आत्याची काळी घोंगडी. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडेच असते आणि घर तिच्या शब्दावर चालतं.

कुणाच्या अंगावर पित्त उठलं, लाल गांधी आल्या, खाजून जीव नकोसा झाला, की तो माणूस आमच्या ओट्यावर यायचा. आत्या त्याला सदरा काढून बसवायची, घोंगडीच्या टोकाचा बोळा करायची आणि मानेपासून खाली खसाखसा घासायची. कातडी लालेलाल होईपर्यंत. मग आमसुलाचं पाणी लावायची. बाजारात मिळणारी घोंगडी चालत नाही, मेंढरं राखणाऱ्याच्या घरचीच लागते, तीच पित्त ओढून घेते, असा आमच्याकडचा पक्का समज. त्यामुळे शेजारच्या गावांतूनही माणसं यायची. तासाभरात गांधी बसायच्या. माणूस हात जोडून जायचा.

आता बघा. पित्ताची गांध मुळात काही तासांची पाहुणी असते. न बोलावता येते, न हाकलता जाते. डिंभ्याच्या थांब्यावर मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन कितीदा तरी उभी राहिलेय. तिथं गाडी कधी येईल याचा भरवसा नाही. एखाद्यानं तंबाखू मळायला घेतली आणि तेवढ्यात गाडी आली, तर तंबाखूनं गाडी आणली असं कुणी म्हणत नाही. पित्ताच्या बाबतीत मात्र आपण अगदी हेच म्हणतो, आणि पिढ्यानपिढ्या म्हणतो.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं समजू नका. मी सर्पदंशावर पत्रकं काढली, बाळंतिणीच्या आहारावर काढली, गावोगाव वाटली, लोकांशी भांडले. स्वतःच्या ओट्यावर काय चाललंय याकडे कधी बघितलंच नाही. बघायला लावलं ते धाकट्या बहिणीच्या अंगानं.

धाकटी अकरावीत होती. कबड्डी खेळायची, चढाईला जायची. आमच्या पंचक्रोशीतल्या मुलींचा एक संघ आहे, त्यात ती सगळ्यात चपळ. अभ्यासात बेताची, स्वयंपाकात त्याहून बेताची, पण मधल्या रेषेपाशी उभी राहिली की तिचं सगळं अंग जागं व्हायचं. हिवाळ्यात जुन्नरला सामने होणार होते आणि तिथून वरच्या संघासाठी मुली निवडल्या जाणार होत्या. तिला दुसरं काही नको होतं.

पावसाळा सरता सरता तिच्या अंगावर पित्त उठायला लागलं. आधी कधीतरी, मग रोज. सलवारीची नाडी बसते तिथं, दप्तराचा पट्टा रुततो तिथं, कमरेला, मांड्यांवर, मानेवर. लगेच घरात वैद्य निघाले. आई म्हणाली वांग्यानं. चुलती म्हणाली अंड्यानं. शेजारीण म्हणाली नजर. मग वांगं बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद, दही बंद. खेळणारी पोर, वाढतं वय, आणि ताटात काय तर भात नि मुगाचं वरण. पित्त काही कमी झालं नाही, पोरगी मात्र वाळत चालली. आणि संध्याकाळ झाली की आत्याची घोंगडी.

आत्याचा जीव होता तिच्यावर. दुसऱ्यांना घासायची त्याच्या दुप्पट वेळ हिला घासायची. धाकटी दात आवळून बसायची, नंतर रात्रभर खाजवायची. नखांचे ओरखडे, ओरखड्यांवर खपल्या, खपल्यांवर पुन्हा घोंगडी. दिवाळीपर्यंत तिच्या दंडांवर, मानेवर आणि मांड्यांवर काळपट पट्टे उमटले. गांधी येत होत्या नि जात होत्या, हे पट्टे मात्र जात नव्हते. मग ती अंघोळीला बंबाचं कढत पाणी घ्यायची आणि पाय घासायच्या वजरीनं ते डाग घासत बसायची. कुणीतरी लिंबू चोळायला सांगितलं, तेही चोळलं. चुलत बहिणीनं मंचरहून डाग घालवायची, गोरं करायची म्हणून एक ट्यूब आणून दिली, तीही लावली. तिचं अंग म्हणजे जो येईल त्यानं आपली अक्कल पाजळायची जागा झाली होती.

कबड्डी अर्ध्या चड्डीत खेळतात. सगळं दिसतं.

एक दिवस ती सरावाहून आली आणि न जेवता रडत पडून राहिली. मी विचारलं, हरलीस का. म्हणाली, नाही, सगळ्या चढायांना गुण मिळाले. मग रडतेस कशाला? तर तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "ताई, मला कुणी धरतच नाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पोरींच्या आया बोलायला लागल्या होत्या की हिचं ते लागट आहे. पोरी समोर काही म्हणत नव्हत्या, पण ही चढाईला गेली की मागं सरायच्या, अंग चोरायच्या. ही एखादीला हात लावायची आणि चालत परत यायची. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. एक म्हणाली, हिला जुन्नरला नेलं तर आपला संघ न खेळताच जिंकेल. हीसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी हिनं मुद्दाम चुकीचा पाय टाकला, एकीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, तरी कुणी धरलं नाही. शेवटी सराव घेणाऱ्या सरांनी बाजूला घेऊन सांगितलं, अंग साफ होऊ दे, मग बघू. सर वाईट माणूस नाहीत. आयांना घाबरणारा माणूस आहेत. त्यानं फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. त्वचेच्या डॉक्टरबाई ठरलेल्या वारीच येतात, म्हणून सकाळीच जाऊन रांगेत बसलो. आत गेल्यावर मी भडाभडा बोलायला लागले. बाईंनी मला थांबवलं आणि धाकटीला बोलू दिलं. मग तिचा हात पुढे घेतला, पेनाचं टोपण लावलं आणि त्या बोथट बाजूनं कोपरापासून मनगटाकडे हलकीशी एक रेघ ओढली. शाई नाही, काही नाही. आणि पुढचं विचारायला लागल्या.

बोलता बोलता आमची नजर हातावर गेली. रेघ आधी लाल झाली, मग फुगून वर आली. शेताच्या बांधासारखी. धाकटी बघतच राहिली.

"हे पित्त मी उठवलं," बाई म्हणाल्या. "हिची कातडी अशी आहे. घासलं, दाबलं, खाजवलं की तिथं उठतं. घरी काय करता?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं आणि घोंगडीचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना मानते. एवढंच म्हणाल्या की मग तुम्ही रोज संध्याकाळी पित्त घालवत नाही, उठवता.

मला त्या खोलीत उभं राहून ओरडावंसं वाटलं. कुणावर ते मात्र कळेना.

बाईंनी समजावून सांगितलं ते मी इथं लिहिते, कारण ते कुणीच नीट लिहीत नाही. पित्त लागट नसतं, एकाचं दुसऱ्याला होत नाही. पुष्कळदा त्याचं कारण सापडतच नाही, म्हणून ताटातलं एकेक काढून पोरीला उपाशी मारू नका. गांध स्वतः डाग ठेवत नाही. डाग ठेवतात नखं, घासणं आणि वरून लावलेली औषधं. तेव्हा नखं कापा. खाज सुटली की खाजवायचं नाही, गार पाण्यात पिळलेलं मऊ फडकं त्यावर नुसतं ठेवायचं. अंघोळ कोमट किंवा गार पाण्यानं. पंच्यानं अंग पुसायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच साधं, वासाचं नसलेलं मलम लावायचं. कपडे सैल, सुती. नाडी सैल. लिंबू बंद. ट्यूब तर त्यांनी हातात घेऊन बघितली आणि टेबलाच्या पलीकडे ठेवून दिली. असल्या ट्यूबांत काय घातलेलं असतं ते वेष्टनावर धड लिहिलेलं नसतं, म्हणाल्या, चार दिवस कातडी उजळते आणि मग पातळ होऊन कायमची बिघडते. खाज थांबवणारी गोळी त्यांनी लिहून दिली, ती रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून मनानं सोडायची नाही. आणि डाग? ते फिके पडतील, पण महिने लागतील, तोवर ऊन लागू द्यायचं नाही. एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. ओठ, जीभ सुजली किंवा दम लागला तर घरगुती काहीही करत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. आणि एखादी गांध दिवस उलटूनही तशीच राहिली, दुखली, निळसर पडली, तरी येऊन दाखवायचं.

घरी आलो तर ओट्यावर आत्या घोंगडीचा बोळा करत होती. समोर चांडोलीकडचे एक पाहुणे पाठ उघडी टाकून बसलेले. मी चपला पण काढल्या नाहीत. म्हटलं, आत्या, थांब. डॉक्टर म्हणाल्या, घोंगडीनं पित्त वाढतं. धाकटीचे डाग तुझ्या घोंगडीचे आहेत.

पाहुण्यासमोर. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. पाठ त्या पाहुण्याचीच होती, ऐकायचा पहिला हक्क त्याचाच.

आत्यानं बोळा मांडीवर ठेवला. "म्हंजी इतकी वर्सं म्या लोकांची पाठ सोलली?"

मी म्हटलं, हो, तसंच.

"अन् ती लोकं बरी व्हऊन गेली ती?"

मी म्हटलं, ती अशीही बरी होणारच होती.

"तू लई शिकलीस बाई," आत्या म्हणाली. "कागुद वाटून वाटून तुझं त्वांड पण कागदावानी झालंय. नुसती धार."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटी स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आली. आत्याशेजारी बसली, हात पुढे केला आणि चमच्याच्या दांड्यानं हलकेच रेघ ओढली. शेजारी घोंगडीचं टोक एकदाच फिरवलं. आणि हात तसाच पुढे धरून ठेवला. आत्या बघत होती. पाहुणेही वाकून बघायला लागले. रेघ वर आली. घोंगडी फिरवली होती तिथं तर सगळा पट्टाच फुगला.

आत्यानं बोटाच्या टोकानं त्या पट्ट्याला हात लावला, गरम भांड्याला लावावा तसा.

"ह्ये म्या केलं व्हय?"

मी 'हो' म्हणणार होते. धाकटी आधी बोलली. "नाय आत्या. माझ्या अंगातच व्हतं. घोंगडीनं नुसतं उठवलं."

मग पाहुणे म्हणाले, "आवं पण माझं काय राव? मला खाजतंय की."

आत्या उठली. तिचं जुनं लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्याचा तुकडा फाडला, माठातल्या पाण्यात पिळला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला. हात मागे बांधून उभी राहिली, जणू हात मोकळे राहिले तर घासायला लागतील. पाहुणे थोड्या वेळानं म्हणाले, गार वाटतंय. आत्या म्हणाली, वाटलंच पायजे, गार पाणीच हाय ते.

त्या दिवसापासून घोंगडी खुंटीवर गेली. पण आत्यानं लोकांना सरळ सांगितलं का? नाही. कुणी आलं की म्हणायची, घोंगडी धुतलीय, वाळली न्हाई अजून. सबंध हिवाळाभर ती घोंगडी वाळत होती. मी रोज भांडायचे: खरं सांग, नाहीतर ते दुसऱ्या घरी जाऊन घासून घेतील. ती ऐकायची नाही. तिचा मान होता तो, आणि मान असा एका दिवसात खुंटीवर टांगता येत नाही, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही.

धाकटीची देखभाल मात्र आत्यानं स्वतःकडे घेतली. नखं ती कापायची. अंघोळीच्या पाण्यात हात घालून बघायची आणि गरम लागलं तर निम्मं काढून तेवढं गार ओतायची. रात्री खाज सुटली की लुगड्याचं ओलं फडकं घेऊन बसायची. आईला म्हणाली, पोरीला अंडं घाल, दोन घाल. वजरी कुठं गेली कुणालाच माहीत नाही, मला संशय आहे ती विहिरीत आहे.

आईनं मात्र एक घोळ घातला. डाग जाऊ दे म्हणून लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोलली आणि धाकटीला घेऊन भर दुपारी पायऱ्या चढली, अर्ध्या बाह्यांच्या झग्यात. परत आल्या तेव्हा दंडावरचे पट्टे आणखी काळे दिसत होते. माझं गणपतीशी भांडण नाही. उन्हाशी आहे. पुढच्या वेळी सकाळी जा, पूर्ण बाह्या घाल, छत्री घे, एवढंच म्हटलं. आई म्हणाली, देवाला छत्री घेऊन जायचं? म्हटलं, देव आत गुहेत सावलीत बसलाय, त्याला काय होतंय.

महिन्याभरात गांधी पुष्कळ कमी झाल्या. नवे ओरखडे नाहीत. खपल्या गेल्या. पण डाग होतेच, आणि सामने जवळ आले होते. सर अजून म्हणत होते, बघू.

मग मी मला येतं ते केलं, पत्रक काढलं. 'पित्त लागट नसते' असं ठळक अक्षरात, खाली सगळी माहिती. संघातल्या प्रत्येक पोरीच्या घरी जाऊन दिलं. एका बाईनं ते घेतलं, वाचलं, आणि म्हणाली, "मग डाग का हायेत?" ही बाई संघातल्या एका पोरीची आई, किराणा दुकानवाली, सगळ्या आया हिच्या दुकानात उभ्या राहून बोलायच्या. मी डागांचं समजावलं. ती म्हणाली, तुमी तिची बहीण, तुमी असंच म्हणणार. दुसऱ्या दिवशी माझ्या पत्रकात तिनं कुणाला तरी खोबरं बांधून दिलेलं मी पाहिलं. एवढी वर्षं मी लोकांना कागद वाटत आले. कागदाला लोक काय करतात ते त्या दिवशी नीट बघितलं.

मी धाकटीला म्हटलं, सरळ तक्रार करू. वरपर्यंत जाऊ. ती म्हणाली, "वरून हुकूम आला तर घेतील गं मला. पण धरतील का?"

त्या संध्याकाळी ती सरावाला गेली, बाहेर बसायलाच. मीही गेले. गावाबाहेरच्या माळावर मैदान आखलेलं असतं, कडेला आया उभ्या असतात, कारण अंधार पडायच्या आत पोरींना घरी न्यायचं असतं. दुकानवालीही होती. मध्येच खेळ थांबला, पोरी पाणी प्यायला बसल्या. धाकटी उठली. केसातला आकडा काढला आणि त्याच्या वळलेल्या, बोथट बाजूनं हातावर आतल्या अंगाला काहीतरी लिहिलं. हलक्या हातानं, पाटीवर लिहावं तसं. मग पोरींच्या समोर जाऊन उभी राहिली, हात पुढे करून.

गोळी चालू होती म्हणून अक्षरं आधीच्या रेघांसारखी फुगली नाहीत. पण वाचता येत होती. हळूहळू वर आली: धरा.

पोरी उठून जवळ आल्या. एक म्हणाली, आयला, ह्ये कसं केलंस? दुसरी म्हणाली, दुखत नाय? धाकटी म्हणाली, खाजतं. थांबा, जाईल आता. "ह्येच ते माझं लागट. घोंगडीनं घासलं की घोंगडीचं उठतं, आकड्यानं लिहिलं की अक्षर उठतं. ताई माझ्या अंथरुणात झोपते. आत्या रोज अंगाला हात लावती. त्यांना काय झालंय?"

आया पुढे सरकल्या होत्या. मी माझं सगळं पत्रक पुन्हा तोंडानं म्हणायला निघाले होते, पण कधी नव्हे ते गप्प राहिले.

संघात कोपऱ्याला खेळणारी एक पोर आहे. डिंभ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीची, इथं वसतिगृहात राहते. फार बोलत नाही. ती त्या अक्षरांकडे बघून म्हणाली, "आमच्याकडं भात लावायला चिखलात उभं राहिलं की सगळ्यांचे पाय असेच खाजून काळे व्हतात. त्याला कोण भितं?" आणि धाकटीला म्हणाली, "ये चढाईला. लई दिवस फुकटचे गुण खाल्लेस."

सरांनी शिट्टी वाजवली नाही, पण थांबवलंही नाही. धाकटी मधल्या रेषेवरून आत गेली. डावीकडे झेप घेतली, एकीला हुलकावणी दिली, आणि सवयीनं, कुणी धरत नाही या सवयीनं, पाय जरा जास्तच आत ठेवला. कोपऱ्यातली खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिचा घोटा धरला. असा धरला की धाकटी तोंडावर आपटली. मग बाकीच्या चौघी तिच्यावर पडल्या. हाताला हात, मांडीला मांडी. माझ्या शेजारी दुकानवाली होती. तिची पोर त्या ढिगात सगळ्यात वर होती. ती हाक मारायला निघाली आणि थांबली.

ढिगाखालून हसू ऐकू आलं. धाकटी बाद झाली होती आणि जमिनीवर पडल्या पडल्या हसत होती. तोंडभर माती. ती उठली तेव्हा हातावरची अक्षरं विरत चालली होती, परत जाताना तर कुठं काही लिहिलं होतं हेही कळत नव्हतं.

सर म्हणाले, उद्यापासून वेळेवर येत जा. जशी काही ती उशिरा येत होती.

जुन्नरला सामने झाले तेव्हा तिचे डाग गेलेले नव्हते. फिके झाले होते, उन्हात तपकिरी दिसायचे. तिनं ते झाकले नाहीत. पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून ती मैदानाच्या कडेला बसली आणि खेळायला उठताना तो काढून माझ्या अंगावर फेकला. पहिल्याच चढाईच्या आधी समोरच्या संघाबरोबर आलेल्या एका बाईनं मोठ्यानं विचारलं, त्या पोरीला काय झालंय, आमच्या पोरींना लागंल ना.

मी उठायच्या आत आमची दुकानवाली उठली. "पित्त हाय ते. माझी पोर रोज तिच्या उरावर पडती. लागायचं असतं तर कवाच लागलं असतं. तुमच्या पोरीला धरता येत नसंल तर तसं सांगा."

तो सामना आम्ही हरलो. धाकटीची त्या वर्षी वरच्या संघात निवड झाली नाही, हेही लिहून टाकते. तिला त्या दिवशी अनेकदा धरलं, पाडलं, ओढत मागं नेलं. अनेकदा ती सुटूनही आली. निवड करणारे काय बघत होते ते त्यांचं त्यांना माहीत. पण त्यांच्या बोलण्यात तिच्या पायाचं काम आलं, दम कमी पडतो ते आलं. अंगाचं आलं नाही. एवढ्यासाठीच आम्ही लढलो होतो.

घरी आल्यावर आत्यानं तिला दिव्याखाली उभं केलं आणि सगळं अंग तपासलं. गुडघा सोलवटला होता, कोपर खरचटलं होतं. गांध एकही नव्हती. आत्यानं जखम धुतली, लुगड्याच्या तुकड्यानं टिपली आणि विचारलं, ह्याचा डाग राहायचा न्हाई ना?

"राहू दे की," धाकटी म्हणाली. "ह्यो धरल्याचा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर एक बाई आली, पदराखाली हात खाजवत. मी आत होते. आत्या घोंगडी वाळली नाही असं म्हणेल म्हणून कान देऊन थांबले. ती म्हणाली, "घोंगडी न्हाई घासत मी आता. त्यानं वाढतं. बस, फडकं भिजवून आणते."